संगीतकार प्रवासात आहेत

फिनलंडच्या अरण्याला स्वतःचा आवाज नव्हता. तो त्याला अर्मास होंकावारा यांनी दिला. हे वाक्य संगीताच्या इतिहासात कोरून ठेवावं अशा तोडीचं आहे, आणि लिहिणाऱ्याला याची पूर्ण कल्पना होती, कारण ते स्वतः अर्मास होंकावारा यांनीच लिहिलं होतं. एका विश्वकोशाच्या संपादकांनी त्यांच्याकडे थोडक्यात माहिती मागवली होती. त्यांनी दोन पानं भरून पाठवली. संपादकांनी त्यातून दोनच गोष्टी छापल्या: कुठे जन्मले आणि कुठे राहतात.

राहायचा तो कुरेनसाल्मीत, तळ्याकाठच्या पिवळ्या लाकडी घरात, खिडक्यांची दुहेरी तावदानं बारा महिने बंद ठेवून. अरण्य अंगणाच्या कुंपणाला लागून होतं. अर्मासला त्याचा वास सोसत नसे.

आत तो आयुष्यात एकदाच गेला होता, तो मधुचंद्राला. साइमीला समुद्र बघायचा होता. तिची थोरली बहीण एल्ना लग्न होऊन हांकोला गेली होती आणि तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणे समुद्र दिसायचा. अर्मासने साइमीला दलदलीत नेलं. तिथे कोणी म्हातारी जुनी शोकगीतं गाते असं त्याच्या कानावर आलं होतं. म्हातारी आधीच वारली होती. डासांनी अर्मासचा एक डोळा मिटवून टाकला, साइमीचा एक बूट चिखलाने कायमचा ठेवून घेतला, आणि त्यातून ‘दलदल’ ही रचना जन्माला आली. तिच्यात चार जाडे वादक चार जाड्या वाद्यांवर एकच सूर धरून बसतात आणि श्रोते घड्याळ धरून बसतात. राजधानीतल्या एका समीक्षकाने लिहिलं, ‘दलदलीत अडकल्याचा अनुभव हुबेहूब येतो.’ अर्मासने ते कात्रण चौकटीत घालून पियानोवर ठेवलं.

समुद्र पुढच्या उन्हाळ्यावर गेला. पुढच्या उन्हाळ्यात पहिली सिंफनी आली, मग दुसरी. साइमीच्या एक गोष्ट ध्यानात आली: अर्मासला सिंफनी सुचायची ती नेमकी रेल्वेचं वेळापत्रक टेबलावर दिसलं की.

घरात एका माणसाचं, देशातल्या सगळ्यात थोर संगीतकाराचं, नाव घ्यायला बंदी होती. त्या काळी देशातल्या प्रत्येक संगीतकाराच्या घरात ती असायची, आणि माणूसही सगळीकडे तोच असायचा. अर्मास त्यांना ‘दक्षिणेकडचे ते गृहस्थ’ म्हणायचा. गृहस्थ थकले की त्यांची खुर्ची आपल्याकडे येणार, हे त्याने तरुणपणीच ठरवून टाकलं होतं. गृहस्थ थकायला तयार नव्हते.

हे झालं अरण्याचं. अर्मासची एक रचना मात्र कुरेनसाल्मीत पाळण्यातल्या पोरापासून चर्चच्या घंटावाल्यापर्यंत सगळ्यांना पाठ होती. सहकारी डेअरीच्या कुठल्याशा वर्धापनदिनासाठी त्याने ती एका दुपारी, दात दुखत असताना, उरकली होती. गाई घरी येतात, कासंड्या वाजतात, लोण्याची पिंपं बोटीत चढतात, बोट परमुलखाला जाते. आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी अशी एक चाल, की पाय आपोआप जमिनीवर आपटावा. पोरी त्या तालावर दोरीवरच्या उड्या मारत. डेअरीने मोबदला म्हणून लोण्याचं एक अख्खं पिंप पाठवलं. अर्मासने ते कुरकुर न करता संपवलं आणि मग रस्त्यापलीकडे शेजारी जाऊन डेअरीच्या मॅनेजरला, तावेत्ती पोंतिनेनला, बजावलं: “त्या गाण्यावर माझं नाव कुठेही येता कामा नये. कधीही. अरण्य आणि लोणी एका माणसाच्या नावावर शोभत नाही.”

पोंतिनेन शब्दाचा पक्का. त्याने पुन्हा कधी कुणाजवळ ते नाव काढलं नाही.

अर्मासची साठी सप्टेंबरात यायची होती. कुरेनसाल्मीत रीत सरळ आहे. पन्नाशी आली, साठी आली, की माणसाने एक तर घर उघडं टाकून गावाला कॉफी पाजायची, नाही तर पेपरात छापायचं की त्या दिवशी मी प्रवासात आहे. छापलं की सुटका. मग तो खरोखर प्रवासाला गेलाय की पडदे ओढून स्वयंपाकघरात बसलाय, हे कोणी बघत नाही. बघणं असभ्य समजतात. समोर दिसला तरी दिसला नाही असं धरतात.

आदल्या शनिवारी सकाळी साइमी कॉफीचा पहिला कप घेऊन पेपर उघडून बसली होती. अर्मास झोपलेला होता; प्रतिभा दहाच्या आधी उठत नसे. वाढदिवसांच्या रकान्यात सगळ्यात वर जाड काळ्या चौकटीत, मयताची वाटावी अशी, जाहिरात होती: ‘साठाव्या वाढदिवशी प्रवासात. भेटी व सत्कार कृपया नकोत. अर्मास होंकावारा, संगीतकार.’

साइमीने ती पुन्हा वाचली. मग कप खाली ठेवला, माळ्यावरून तपकिरी सुटकेस काढली, पुसली, आणि टेलिफोनची मूठ फिरवली.

गावात एक्स्चेंजही हेल्वीकडे आणि टपालही हेल्वीकडे. “वाचलं हो मी, होंकावाराबाई!” तीच आधी बोलली. “कुठे निघालात?”

“हांकोला. एल्नाला लाव ना.”

“लावते. टपाल तिकडेच पाठवू ना मग? पेपरसुद्धा?”

“पाठव,” साइमी म्हणाली. एल्नाशी ती काय बोलली ते तिला नंतर आठवेना. बहुधा दोघी एकदमच बोलत होत्या.

दहाला अर्मास उठला तेव्हा सुटकेस दारात उभी होती.

“हे काय?”

“आपण चाललोय ना? हांकोला.”

“हांकोला कोण जातंय?”

“आपण. पेपरात आहे.”

“पेपरात ‘प्रवासात’ असं आहे,” अर्मास म्हणाला. “जाणार असं कुठे आहे?”

त्याने कॉफी ओतून घेतली आणि लहान मुलाला स्वरलिपी समजावावी तसा तिला समजावू लागला.

“हे बघ. मी छापलं की या, तर येतीलच. त्यात काय मोठं? खाटकाच्या साठीलाही जातात, कॉफी फुकट असते म्हणून. पण मी म्हणतो येऊ नका, आणि तरीही लोक येतात, त्यांना राहवतच नाही, ती खरी दाद.”

“आणि राहवलं तर?”

अर्मासने वाद्यवृंदातला एखादा शेवटच्या रांगेतला वादक ‘इथे सूर चुकलाय का हो’ विचारतो तेव्हा त्याच्याकडे बघावं तसं बघितलं. “राजधानीतून संगीतकार संघ येईल. रेडिओवाले येतील. गायनमंडळ सकाळी खिडकीखाली गाईल. मी बाहेर येईन. चकित होऊन.”

“चकित होऊन.”

“ते जमतं मला.”

“अर्मास, त्याच दिवशी शेजारी पोंतिनेनचीही...”

“पोंतिनेनला मध्ये आणू नकोस! मी संगीताबद्दल बोलतोय.” त्याने पेपर ओढून घेतला, स्वतःची चौकट पुन्हा वाचली आणि समाधानाने घडी घातली. चौकटीच्या खालचं वाचायची त्याला सवय नव्हती. “आणि कॉफीबरोबर सात प्रकार हवेत, नेहमीचे. मलईचा केक मोठा कर. आभाराची जाहिरातही देऊन टाकलीय मी, पुढच्या शनिवारसाठी. नंतर त्या गडबडीत वेळ कुठला मिळायला.”

“आभार कोणाचे?”

“सगळ्यांचे.”

साइमीने सातही प्रकार केले. वेलदोड्याचे गोड पाव, बदामी बिस्किटं, आल्याची, ताज्या बेरींचा केक, सगळं. मात्र सुटकेस तिने माळ्यावर परत ठेवली नाही, आणि एल्नाला येत नाही म्हणून फोनही केला नाही. रोज स्वयंपाकघरात ये-जा करताना ती सुटकेसला वळसा घालायची.

वाढदिवसाच्या सकाळी अर्मास चक्क सहाला उठला. शेपटीचा काळा कोट चढवला, मिशीला मेण लावलं. पडदे ओढले, कारण तो प्रवासात होता. मग रस्त्याच्या बाजूचा एक जरा सरकवला, कारण तो घरात होता. चुलीचा मोठाच प्रश्न झाला.

“धूर दिसला तर आपण घरात आहोत असं वाटेल,” साइमी म्हणाली.

“थोडा दिसू दे.”

“थोडा म्हणजे?”

“ज्याला बघायचंय त्याला दिसेल इतका.”

ती चुलीपुढे एक एक काटकी घालत बसली. असल्या धुराचं मोजमाप तिच्या आईने शिकवलं नव्हतं.

आठ वाजले. नऊ वाजले. टेलिफोन गप्प. अर्मास त्याच्या भोवती मांजरासारखा फिरत होता. शेवटी त्याने मूठ फिरवली. “यंत्र बिघडलंय का बघतो,” साइमीला म्हणाला.

“एक्स्चेंज,” हेल्वीचा आवाज साइमीला टेबलापर्यंत ऐकू आला. “संगीतकारसाहेब? तुम्ही तर प्रवासात आहात.”

“मी... हो. म्हणजे फोन वगैरे...”

“काळजीच करू नका. कोणी विचारलंच तर मी सांगतेय ना, प्रवासात आहेत म्हणून. तारा आल्या तर हांकोला वळवते. तुम्ही निवांत प्रवास करा.”

अर्मासने रिसीव्हर इतका हळू ठेवला, जणू तो ठेवताना कोणी पाहू नये.

“हांकोला का वळवतेय ती?”

“मी काय सांगू,” साइमी म्हणाली.

तो पियानोवर जाऊन बसला. प्रवासात असलेल्या माणसाने पियानो वाजवू नये हे त्यालाही कळत होतं. पण तो ऐकून कोणी ओळखलं, थबकलं, दार ठोठावलं, तर त्यात त्याचा काय दोष? त्याने ‘दलदल’ काढली. डावा हात पुरा खाली, पेडल दाबून, तोच सूर, पुन्हा तोच सूर. कपाटातल्या बश्या थरथरू लागल्या. बाहेर दोन माणसं थांबलेली साइमीला फटीतून दिसली. त्यांनी छपराकडे पाहिलं, एकमेकांशी काहीतरी बोलली आणि पुढे गेली. साइमीने केकवर एक पातेलं उपडं घातलं आणि घड्याळाकडे पाहिलं. हांकोला जायची गाडी दुपारची होती.

अकराच्या सुमाराला रस्त्यावर खूप बुटांचा आवाज आला. मग घसा साफ केल्याचा. मग ऑर्गनवाल्या याल्मारीने दिलेला सूर, आणि वीस-पंचवीस पुरुषांनी एकदम उचललेली चाल. गाई घरी येतात, कासंड्या वाजतात.

अर्मासचा हात पट्ट्यांवरच राहिला. “हे?” तो म्हणाला. “आज? माझ्या साठीला लोण्याचं गाणं?” त्याचा चेहरा लाल झाला, मग हळूहळू उतरला, मग त्यावर एक थोर, दमलेलं स्मित आलं. “जाऊ दे. बिचाऱ्यांना एवढंच येतं. मी त्यांना क्षमा करतो.”

“आधी बघ तरी, अर्मास.”

“दार उघड. नको, मीच उघडतो.” त्याने कोटाच्या शेपट्या सरळ केल्या, भुवया वर नेल्या, तोंड अर्धवट उघडलं, असा पूर्ण चकित होऊन तो ओसरीवर गेला.

समोर गायनमंडळाच्या पाठी होत्या.

सगळे पोंतिनेनच्या घराकडे तोंड करून उभे होते. त्याच्या फाटकावर झेंडा होता, दार सताड उघडं होतं, अंगणात टेबलं मांडलेली होती, आणि पायरीवर तावेत्ती पोंतिनेन, साठ वर्षांचा, नव्या टोपीत, लाजून स्वतःच्या बुटांकडे पाहत उभा होता. अर्धं गाव त्या अंगणात होतं. पेपरातल्या चौकटीखालच्या ओळीत त्याने छापलं होतं: घरीच आहे, कॉफी आहे.

याल्मारी मात्र मंडळाकडे तोंड करून हात हलवत होता, म्हणजे अर्मास त्याला थेट समोर दिसला. ओसरीवर शेपटीचा कोट घातलेला माणूस, भुवया वर, तोंड उघडं. याल्मारी चांगल्या घरातला होता. त्याने नजर खाली घेतली आणि पुढचं कडवं जरा जलद घेतलं.

गाणं संपलं. टोप्या उडाल्या. मंडळ वळलं, आणि एकेकाची नजर होंकावारांच्या ओसरीवरून गेली, जशी रिकाम्या ओसरीवरून जाते. कोणी बर्चच्या झाडांकडे पाहिलं, कोणी आभाळाकडे. खाटकाचा हात सवयीने टोपीकडे गेला. अर्ध्या वाटेत त्याला आठवलं, आणि त्याने कान खाजवला. माणूस प्रवासात होता. पेपरात होतं. त्याला ओळख दाखवणं म्हणजे त्याला भर गावात खोटारडा म्हणणं, आणि कुरेनसाल्मीत इतकं असंस्कृत कोणी नव्हतं.

अर्मास खाकरला. कुणीच ऐकलं नाही. इतकं काळजीपूर्वक न ऐकणं साइमीने जन्मात पाहिलं नव्हतं.

“त्यांना सांग,” अर्मास ओठ न हलवता म्हणाला.

“काय सांगू?”

“मी आहे म्हणून.”

“तूच सांग की. समोरच तर आहेत.”

त्याने तोंड उघडलं, मिटलं. आयुष्यभर स्वतःबद्दल पानंच्या पानं लिहिलेल्या माणसाला ‘मी घरी आहे’ एवढं वाक्य जुळवता येईना. चकित व्हायचं काम मात्र त्याच्या चेहऱ्यावर चालूच होतं. ते थांबवायचं तो विसरला होता.

साइमी आत गेली. सगळ्या काटक्या चुलीत टाकून दिल्या. अंगात कोट घातला, डोक्याला रुमाल बांधला, एका हातात मलईचा केक घेतला, दुसऱ्या हातात सुटकेस.

“तू कुठे निघालीस?”

“प्रवासात.”

“साइमी! लोक काय म्हणतील?”

“काय म्हणणार? पेपरात आहे.”

ती पायऱ्या उतरून, रस्ता ओलांडून, पोंतिनेनच्या फाटकातून आत गेली. गंमत म्हणजे ती सगळ्यांना दिसली. एकाने सुटकेस घेतली, एकीने केक घेतला. चौकटीत साइमीचं नाव नव्हतंच.

“वाढदिवसाच्या शुभेच्छा, मॅनेजरसाहेब.”

“अहो होंकावाराबाई! आणि हा एवढा केक? तुम्ही निघणार होतात ना?”

“गाडीला अवकाश आहे.”

“मग कॉफी घ्याच. आणि स्टेशनपर्यंत डेअरीचा ट्रक सोडेल.” पोंतिनेनने कप भरला, इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. “एक सांगायचं होतं. सकाळपासून तुमच्या घरातून आवाज येतोय. घूं घूं, सारखा. मी बायकोला म्हटलं, नळ बिघडला असणार. प्लंबर पाठवणार होतो, पण तुम्ही नाही, कुलूप असेल...”

साइमीने साखरेचा खडा दातांत धरला आणि कॉफीचा घोट घेतला. “जुना आहे. गळत नाही,” ती म्हणाली. “नुसता आवाज करतो.”

“आणि संगीतकारसाहेब? ते पुढे गेले?”

“ते प्रवासात आहेत.”

“हो, वाचलं मी,” पोंतिनेन म्हणाला आणि ओसरीकडे न पाहता तिला आणखी एक पाव वाढला.

ट्रक निघाला तेव्हा ओसरी खरोखरच रिकामी होती. पिवळ्या घराच्या धुराड्यातून लोटच्या लोट धूर येत होता. गावातल्या एकानेही तो पाहिला नाही.

हांकोला समुद्र निघाला राखाडी, तळ्यासारखाच, फक्त पलीकडचा काठ नव्हता. साइमीने तो पहिल्या दिवशी एल्नाच्या खिडकीतून पाहिला, दुसऱ्या दिवशी काठावर जाऊन पाहिला. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की अजून कंटाळा आलेला नाही. परत कधी जाणार, असं एल्नाने विचारलं नाही; तिने फक्त दुसरी उशी काढून दिली.

सोमवारी टपाल आलं. हेल्वीने शब्द पाळला होता. तारा नव्हत्या, शनिवारचा पेपर होता. एल्नाने मासे साफ करायला तो टेबलावर पसरला, आणि सुरी थांबवून म्हणाली, “अगं, इथे तुझ्या नवऱ्याचं आहे काहीतरी. ‘साठाव्या वाढदिवशी ज्या असंख्य चाहत्यांनी मला प्रेमाने घेरून टाकलं, त्या सर्वांचे मनःपूर्वक आभार.’ बरेच लोक आले होते वाटतं?”

“खूप,” साइमी म्हणाली. “सगळे पाठ करून उभे होते.”

“आणि हे खाली काय, डेअरीवाल्याचं?”

साइमीने चष्मा लावला आणि वाचलं. डेअरीचे मॅनेजर श्री. पोंतिनेन यांची साठी गुरुवारी त्यांच्या राहत्या घरी साजरी झाली. हवा चांगली होती. पुरुषांच्या गायनमंडळाने आपल्या भागातलं लोण्याचं जुनं लोकगीत गायलं. त्याचा रचनाकार अज्ञात आहे.